बुरशीवरील आरोप आणि अरण्याची साक्ष

भाषेत समाजाची आवडनिवड साठलेली असते. ज्याची मते जुनाट झाली त्याला आपण बुरसटलेल्या विचारांचा म्हणतो. भाकरीला बुरशी आली की ती टाकून देतो. आषाढात कुंपणाच्या कडेला उगवलेल्या छत्राला 'कुत्र्याची छत्री' म्हणतो आणि पायाने उडवून पुढे जातो. अळंबीची भाजी आवडीने खाणारा माणूससुद्धा अळंबी आणि बुरशी ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे सहसा मनात आणीत नाही. तेव्हा बुरशीविषयी चांगले बोलायचे म्हटले म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखेच आहे.

परंतु हा तिटकारा केवळ आपलाच नव्हे. युरोपातील शास्त्रज्ञांनीही अरण्यातील बुरशीकडे प्रथम पाहिले ते आरोपी म्हणूनच. ती झाडाचे काय बिघडवते, एवढाच प्रश्न दीर्घकाळ विचारला गेला. आणि प्रश्न एकच असला म्हणजे उत्तरेही एकाच तऱ्हेची येतात. पुढे काही माणसांनी निराळा प्रश्न विचारला, तेव्हा अरण्याचे सारे चित्रच पालटले. हा पालट कसा झाला आणि त्याच्याशी घुबड, खार, सुतारपक्षी यांसारख्या जिवांचे जगणे कसे जोडलेले आहे, ते या ठिकाणी पाहावयाचे आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर जमिनीत, पाचोळ्यात किंवा लाकडाच्या गाभ्यात सुताहून बारीक अशा तंतूंच्या रूपाने पसरलेले असते. वनस्पतीप्रमाणे तिला उन्हातून अन्न तयार करता येत नाही. म्हणून तिच्यापुढे तीनच वाटा राहतात : मेलेले कुजवून खाणे, जिवंताला लुबाडणे, किंवा जिवंताशी देवघेव करून राहणे. यांपैकी दुसरी वाट माणसाच्या डोळ्यांत प्रथम भरली, आणि त्याला कारणही तसेच घडले.

1845 मध्ये आयर्लंडात बटाट्याचे पीक काळे पडून सडू लागले. पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. हा रोग दमट हवेमुळे होतो, की पिकावर दिसणाऱ्या पांढुरक्या बुरशीमुळे, हा वाद बरीच वर्षे चालला. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने 1860 नंतरच्या काही वर्षांत प्रयोग करून दाखवले की, बुरशी हे रोगाचे फळ नसून कारण आहे. (आजच्या वर्गीकरणात तो जीव खऱ्या बुरशीत मोडत नाही, हा भाग निराळा.) दहा लक्ष माणसांच्या मृत्यूनंतर बुरशीकडे कोणी मित्र म्हणून पाहिले नाही, यात नवल नाही.

याच सुमारास जर्मनीत वनशास्त्राची नवी शिस्त उभी राहिली होती. अरण्य म्हणजे इमारती लाकडाचे भांडार, आणि वनाधिकारी म्हणजे त्या भांडाराचा हिशेबनीस, अशी त्या शिस्तीची मांडणी होती. रोबर्ट हार्टिग हा या काळातील मोठा अभ्यासक. 1874 मध्ये त्याने वनवृक्षांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. खोडावर बाहेर दिसणारे कठीण, खुरासारखे छत्र आणि आतील लाकूड कुजवणारे तंतू हे एकाच जिवाचे दोन भाग आहेत, हे त्याने सिद्ध केले. पाइन वृक्षाचा गाभा तांबूस करून पोखरणाऱ्या बुरशीचाही त्याने बारकाईने अभ्यास केला. वनवृक्षांच्या रोगशास्त्राचा तो जनक मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्याचे काम लाकूड वाचवणे, त्याला कुजलेला गाभा हा तोटाच वाटणार. त्या गाभ्यात कोणाचे घर असू शकेल, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता.

निराळा विचार प्रथम डोकावला तो दगडफुलाच्या निमित्ताने. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे हे दगडफूल एकच वनस्पती आहे, असे सर्वांस वाटे. 1867 मध्ये सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितले की, हा एक जीव नसून बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे. दगडफुलांचे त्या काळचे नामवंत अभ्यासक यावर संतापले. त्यांनी त्याची टवाळी केली. स्वतः श्वेंडेनरदेखील या संसाराचे वर्णन बुरशी धनी आणि शेवाळ गुलाम अशाच भाषेत करीत होता. पुढे 1878 मध्ये कासेल येथील व्याख्यानात द बारीने वेगवेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र राहण्याला 'सिंबायोसिस', म्हणजे सहजीवन, हा शब्द लावला. ज्याने बुरशीला रोगाचे कारण ठरवले, त्यानेच तिच्या दुसऱ्या बाजूसाठी शब्द प्रचारात आणला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता आपण मुळांकडे येऊ. प्रशियाच्या शेती व वन खात्याच्या मंत्र्याला ट्रफल नावाच्या अळंबीची लागवड करावयाची होती. ही अळंबी जमिनीच्या आत वाढते आणि तिला सोन्यासारखा भाव येतो. फ्रान्सला तिच्यापासून मोठे उत्पन्न मिळे. ते आपल्याकडेही मिळावे, असे प्रशिया सरकारला वाटले. हे काम बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयातील प्राध्यापक आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे आले. ट्रफल ठरावीक झाडांखालीच का सापडते, हे शोधण्यासाठी फ्रांक यांनी ओक, बीच, हेझल अशा झाडांची मुळे उकरून तपासली. त्यांना आढळले की, या झाडांच्या अन्न शोषणाऱ्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण हातमोज्याप्रमाणे चढलेले आहे. हा प्रकार एखाद्या आजारी झाडापुरता नव्हता. गावोगावची, निरोगी, जोमदार झाडे तपासली तरी तेच दिसे. मूळ आणि माती यांच्यामध्ये सर्वत्र बुरशी होती. याचा अर्थ असा की, झाड जे काही जमिनीतून घेते ते या बुरशीच्या हातून घेते.

1885 मध्ये फ्रांक यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि बुरशी व मूळ यांच्या या जोडअवयवाला 'मायकोरायझा', म्हणजे कवकमूळ, असे नाव दिले. बुरशी ही झाडाला भरवणारी दाई आहे, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले. ट्रफलची लागवड मात्र साधली नाही. सरकारला हवे होते ते मिळाले नाही आणि शास्त्राला जे मागितले नव्हते ते मिळाले.

हे मत सहजासहजी कोणी मानले नाही. निरोगी झाड परजीवीला अंगाखांद्यावर घेऊन वाढते, ही कल्पनाच पुष्कळांस विचित्र वाटली. विरोधकांत रोबर्ट हार्टिगही होता. येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. रोबर्टचे वडील टेओडोर हार्टिग यांनी 1840 मध्येच पाइनच्या मुळांतील पेशींभोवती एक नाजूक जाळे पाहून त्याचे चित्र काढले होते. परंतु ते जाळे बुरशीचे आहे, हे त्यांना उमगले नव्हते. आज त्या जाळ्याला 'हार्टिगचे जाळे' असेच म्हणतात, आणि तीच कवकमुळाची खूण मानली जाते. वडिलांनी पाहिले पण ओळखले नाही. मुलाने ओळखले पण मैत्री मानली नाही. पोलंडचा फ्रांत्सिशेक कामिएन्स्की याने 1881-82 मध्ये मोनोट्रोपा या हिरवेपणा नसलेल्या वनस्पतीचा अभ्यास करून तिचे अन्न मुळांवरील बुरशीतूनच येत असावे, असे म्हटले होते. तिकडेही फारसे लक्ष गेले नाही.

फ्रांक यांनी पुढे पाइनची रोपे दोन तऱ्हेच्या मातीत वाढवली : एक वनातील जशीच्या तशी माती आणि दुसरी उष्णतेने निर्जंतुक केलेली. पहिल्या मातीतील रोपे जोमाने वाढली, दुसरीतील खुरटली. तथापि वाद मिटला नाही. फ्रांक 1900 मध्ये वारले, तेव्हा त्यांचा शब्द शास्त्रात रूढ झाला होता. पण त्यामागील अर्थाविषयी मतभेद तसेच होते.

हा वाद निकालात काढला तो फसलेल्या लागवडींनी. साहेबाचे राज्य जेथे जेथे पसरले तेथे तेथे पाइनचे बीही गेले. पण बियांबरोबर माती गेली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही रोपवाटिकांतील पाइन पिवळे पडून खुरटत. पाणी आणि खत देऊनही उपयोग होईना. जेथे पाइन चांगले वाढले होते तेथील माती आणून मिसळली, तेव्हा रोपे सुधारली. स्टीफन केसेल यांनी 1927 मध्ये ही हकिकत लिहून मातीत काही सजीव घटक हवा असतो, असा निष्कर्ष काढला. वेस्ट इंडीजमधील पोर्तो रिको बेटावर 1930 नंतर सुमारे वीस वर्षे पाइन लावण्याचे प्रयत्न होत राहिले आणि फसत राहिले. 1955 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातून पाइनच्या झाडाखालची माती आणून काही रोपांच्या मुळांशी घातली. ती रोपे तरारली. ज्यांना माती मिळाली नाही ती मागे पडली.

मातीत काय घडते ते स्वीडनच्या एलिआस मेलिन यांनी दाखवून दिले. त्यांनी बुरशी वेगळी वाढवून ती पाइनच्या निर्जंतुक रोपांशी पुन्हा जोडली. मग 1950 नंतरच्या दशकात किरणोत्सर्गी फॉस्फरस तंतूंच्या टोकाशी ठेवला, तो रोपात पोहोचला. आणि रोपाने हवेतून घेतलेला कार्बन बुरशीत उतरला. झाड साखर देते, बुरशी फॉस्फरस व नत्र आणून देते. फ्रांक यांच्या दाईला पगारही मिळत होता, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. पुढे असे दिसून आले की, जगातील बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी कोणत्या ना कोणत्या प्रकारची बुरशी असतेच. आपल्या सागाच्या आणि आंब्याच्या मुळांत जी असते ती निराळ्या प्रकारची. ती मुळाच्या पेशींत शिरून तेथे इवल्याशा फांद्या फोडते. तिला छत्री येत नाही, म्हणून ती आपल्या नजरेस पडत नाही.

येथपर्यंत ही कथा झाड आणि बुरशी या दोघांची आहे. परंतु ट्रफलच्या जातीच्या अळंब्या जमिनीखाली वाढतात. त्यांचे बीजाणू वाऱ्यावर उडू शकत नाहीत. मग त्यांचा प्रसार कसा होतो? अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ख्रिस मेझर, जेम्स ट्रॅपी आणि रोनाल्ड नुसबॉम या तिघांनी 1978 मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी तेथील सूचिपर्णी अरण्यातील लहान प्राण्यांच्या पोटात काय आहे ते तपासले. उडणाऱ्या खारी आणि लाल पाठीचे रानउंदीर यांच्या खाण्यात भूमिगत अळंब्यांचा वाटा मोठा होता. पिकलेली अळंबी वास सोडते, खार ती उकरून खाते. बीजाणू पचत नाहीत आणि लेंडीवाटे दूरवर, नव्या मुळांजवळ पडतात. झाड बुरशीला पोसते, बुरशी खारीला, आणि खार आपल्या लेंडीतून पुढच्या झाडाची सोय करते. 1885 च्या फ्रांक यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर 2005 मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच ट्रॅपी यांनी केलेले. ट्रफलपासून निघालेला प्रश्न असा ट्रफलपाशीच येऊन पोहोचला.

या साखळीला आणखी एक कडी आहे. त्या प्रदेशात ठिपकेदार घुबड राहते, आणि त्याच्या मुलखाच्या मोठ्या भागात उडणारी खार हेच त्याचे मुख्य भक्ष्य असते. हे घुबड शेकडो वर्षांच्या जुन्या अरण्यातच चांगले नांदते. जुनी झाडे तोडून नवी लावली म्हणजे हिशेब पुरा झाला, असे लाकूडधंद्याचे म्हणणे होते. पण सरसकट तोड झाली की पडलेले, कुजणारे ओंडके जातात. ओंडक्यांबरोबर त्यांच्या आडोशाने राहणारे रानउंदीर जातात, आणि अळंब्याही कमी होतात. 1990 मध्ये अमेरिकन सरकारने हे घुबड संकटग्रस्त म्हणून नोंदवले. न्यायालयात भांडणे झाली. लाकूडकापीवर पोट असणारी गावे रस्त्यावर उतरली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. अखेर 1994 मध्ये सुमारे 2.4 कोटी एकर सरकारी वनासाठी नवी योजना आली. तीत ज्यांची पाहणी करून सांभाळ करावयाचा अशा जातींची यादी होती, आणि त्या यादीत दोनशेहून अधिक जाती बुरशीच्या होत्या. वनाच्या सरकारी कारभारात बुरशी आरोपी म्हणून नव्हे, तर रहिवासी म्हणून नोंदली गेली. घुबडाचे संकट मात्र टळलेले नाही. पूर्वेकडून आलेल्या दुसऱ्या जातीच्या घुबडाने त्याच्या जागा बळकावल्याने त्याची संख्या घटतच आहे. अरण्यातील एक साखळी कळली म्हणजे सारे अरण्य कळले, असे होत नाही.

गाभा कुजवणाऱ्या बुरशीचा न्यायही असाच फिरला. अमेरिकेच्या आग्नेय भागातील पाइनच्या वनात एक छोटा सुतारपक्षी आहे, ज्याच्या गालाजवळ तांबडी रेघ असते. इतर सुतारपक्षी बहुधा वठलेल्या झाडात घर करतात. हा जिवंत पाइनमध्ये करतो. ते काम इतके कठीण की, पुष्कळदा वर्षांमागून वर्षे चालते. म्हणून तो बहुधा असे म्हातारे झाड निवडतो, ज्याचा गाभा बुरशीने मऊ केला आहे. ही बुरशी हार्टिगने ज्या गाभा-कुजव्या बुरशीचा अभ्यास केला तिच्याच जातकुळीतील आहे. लाकडासाठी झाडे तरुणपणीच तोडली जाऊ लागली, तेव्हा कुजका गाभाही उरला नाही आणि पक्ष्याचे घरही. 1970 मध्ये तो नष्ट होण्याच्या मार्गावरील पक्ष्यांत मोजला गेला. 1989 च्या ह्यूगो वादळात दक्षिण कॅरोलिनातील एका वनातील त्याची बहुतेक घरांची झाडे कोसळली. मग माणसांनी उभ्या झाडांच्या खोडात करवतीने खाचा पाडून लाकडी खोकी बसवली. बुरशी जे काम फुकट करीत असे, त्यासाठी माणसाला शिडी लावून वर चढावे लागले. या खटाटोपाने आणि जुनी झाडे राखल्याने पक्षी सावरला. 2024 मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एका पायरीने खाली आणण्यात आला.

याचा अर्थ बुरशी निरपराध आहे, असा नव्हे. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात चेस्टनट वृक्ष वाळताना दिसले. आशियातून आलेल्या झाडांबरोबर तेथील बुरशी अमेरिकेत पोहोचली होती. तिच्या मूळ देशातील चेस्टनट तिला तोंड देऊ शकत. अमेरिकेतील चेस्टनटला तिची ओळखच नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने 1911 मध्ये खास आयोग नेमला, आणि हार पत्करून तो दोनच वर्षांत गुंडाळला. अर्धशतकात चार अब्जांच्या आसपास झाडे गेली आणि त्यांच्या फळांवर जगणाऱ्या प्राण्यांचा घासही गेला. घरच्या ठिकाणी जी बुरशी निभावून जाते, तीच व्यापाराच्या गाठोड्यातून परक्या वनात शिरली की काळ ठरते.

तसेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. 1997 मध्ये सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील वनात बर्च आणि डग्लस फर या झाडांत कार्बनची देवघेव मोजून दाखवली. त्यावरून झाडे बुरशीच्या तारायंत्राने एकमेकांशी बोलतात, आई आपली पिले ओळखते, अशा सुंदर कथा पसरल्या. 2023 मध्ये जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की, वनातील प्रत्यक्ष प्रयोगांचा या कथांना पुरेसा आधार नाही. काल जी चोर होती तिला आज संत ठरवणे ही शास्त्राची रीत नव्हे.

मग आपल्या अरण्यांचे काय? बस्तरच्या सालवनात पहिला पाऊस पडला की आदिवासी बायामाणसे सालाच्या बुंध्याशी माती उकरून 'बोडा' गोळा करतात. झारखंडात त्यालाच 'रुगडा' म्हणतात. जगदलपूरच्या बाजारात त्याला मटणाहून चढा भाव मिळतो. त्याची शेती होत नाही, कारण त्याला सालाचे जिवंत मूळ लागते. प्रशियाच्या मंत्र्याला जे साधले नाही, त्याचे कारण या बायांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे : झाड राखले तर बोडा मिळतो. आपल्या सह्याद्रीत धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेऊन पिले वाढवते. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, वर्षानुवर्षे गाभा कुजतो, तेव्हा कोठे ती तयार होते. म्हणूनच कोकणातल्या देवरायांतील म्हातारी, पोकळ झाडे त्याला मोलाची वाटतात. देवाच्या धाकाने लोकांनी कुऱ्हाड लावली नाही, आणि कुजण्याला सवड मिळाली.

आज आपण वृक्षारोपणाचे आकडे मोठ्या अभिमानाने छापतो. रोपे लावणे हे चांगलेच काम आहे. परंतु एखादी देवराई तोडून तिच्या बदल्यात माळावर दुप्पट रोपे लावू, असे कोणी म्हणाले, तर त्याला पोर्तो रिकोची गोष्ट सांगावी : बी नेले, माती राहिली. आणि वन 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात पडलेले ओंडके उचलणाऱ्याला, वठलेली झाडे मोडीत काढणाऱ्याला ओरेगनची आणि त्या सुतारपक्ष्याची गोष्ट सांगावी. दुप्पट रोपांच्या हिशेबात दोनशे वर्षांच्या ढोलीसाठी रकाना नसतो, आणि बुंध्याशी जमलेल्या मातीसाठीही नसतो. हे दोन रकाने वाढवून मगच कोणतेही वन तोडावयाचे की राखावयाचे ते ठरवावे, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.